उशिरा पोचणारी कुठली?

डावीकडच्या दाराने बाहेर बस, उजवीकडच्या जिन्याने खाली ट्रेन.
मधे माझं काउंटर, साडेतीन फुटांचं,
त्यावर पालेर्मोचे नकाशे, आणि ते उडू नयेत म्हणून एक लिंबू.
अकरा वर्षं एकच प्रश्न, नाना उच्चारांत:
शहरात जायला बरं काय?

सांगते. घाई असेल तर बस,
हायवेवर गर्दी नसेल तर. असतेच.
ट्रेन खात्रीची,
संप नसेल तर. आज शुक्रवार आहे, बघा काय ते.
सामान किती? गुडघे कसे आहेत? न्यायला कोण येणार?
लोक म्हणतात, बाई फार चौकशा करते.
मग? चौकशीचंच काउंटर आहे.

खरं सांगायचं तर माझं इकडे भाऊ, तिकडे नवरा.
बस चालवतो गास्पारे, माझ्या पाठचा.
ट्रेनमधे तिकिटं तपासतो कालोजेरो,
जो माझा नवरा होता आणि आता नुसता कालोजेरो आहे.
आम्ही वेगळे झालो त्या हिवाळ्यात
मी अख्खं विमानतळ बसमधे कोंबलं.
पायाला प्लास्टर असलेले, सायकलवाले,
नन्सचा एक घोळका तर उभ्याने.
गास्पारे म्हणाला, ताई, पुरे, गाडीच्या स्प्रिंगा गेल्या.
मग हळूहळू
मी पुन्हा खरी उत्तरं द्यायला लागले.

परवा रात्री साडेआठला एकजण आला.
बॅग नाही. हँगरला लावलेला सूट फक्त,
प्लास्टिकच्या कव्हरातला, हात उंच करून धरलेला,
ओढा ओलांडताना लहान मुलाला धरतात तसा.
सूट काळा होता. काळा लग्नालाही चालतो.
बोली आमच्याकडचीच, पण
बरीच वर्षं कपाटात राहून घड्या पडलेली.
त्याने विचारलं,
दोन्हींत उशिरा पोचणारी कुठली?

लिंबू उचललं, पुन्हा तिथेच ठेवलं.
हे कुणी विचारलं नव्हतं.

ट्रेन, म्हटलं. सगळीकडे थांबते.
कारिनी, कापाची, मग इसोला देल्ले फेम्मिने,
नाव बायकांचं बेट, आणि बेटावर चिटपाखरू नाही.
डावीकडे बसा. समुद्र दिसणार नाही या वेळी,
पण दिवे संपतात तिथून पुढे तोच.
तिकीट तपासणारा बडबड्या आहे.
पण समोरच्याला बोलायचं नसेल तर
शेजारी गप्प बसून राहणं त्याला जमतं,
हे मला...
हे सगळ्यांना माहीत आहे.

तो खाली गेला. मी लंडनच्या विमानातल्या
सदतीस माणसांना वाटेला लावलं.

पावणेअकराला शटर ओढत होते,
जिन्यावर आधी हँगरचा आकडा दिसला, मग सूट, मग तो.
शहरापर्यंत जाऊन आला होता.
स्टेशनाबाहेर पाऊल न टाकता त्याच गाडीने परत.
हातात कागदी कप, कालोजेरोच्या थर्मासातल्या कॉफीचा.
कडू असणार. साखर तो विसरतोच.
"आता बस," माणूस म्हणाला,
जणू मीच त्याला काही विचारलं होतं.

शेवटची बस गास्पारेची.
मी त्याच्यामागे दोन सीट सोडून बसले.
त्याने कव्हर काढलं, घडी करून खिशात घातलं,
सूट खिडकीच्या हुकाला टांगला.
वळणावर सूट एक बाही उचलायचा
आणि काही न बोलता खाली सोडायचा.
गास्पारेने आरशातून भुवई उडवली.
मी मान हलवली. विचारू नकोस.
हायवे मोकळा. इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता,
नेमका त्याच रात्री, मेला.
तरी गास्पारे चाळीसनेच चालला होता,
मागच्यांचे हॉर्न खात.

माझा थांबा आधी आला.
घरी पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.
ट्रेनने लवकर पोचले असते,
पण ट्रेनने मी जात नाही.
जात नव्हते.